ओरिगामीच्या 30 घटकांच्या कंदिलात दिवा लावताना: उजेड बाहेर येत नाही, काय करावे?

पऱ्हाटी (धागाकर्ती)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेली दोन वर्षे सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन दिवाळीआधी आम्ही ओरिगामीचे कंदील करतो. हे कंदील एका कागदाचे नसतात. चौकोनी कागदाला ठरावीक घड्या घालून एक घटक करायचा, तसे 30 घटक झाले की एकाची जीभ दुसऱ्याच्या खिशात सरकवत त्यांचा काटेरी गोळा जुळवायचा. हा घटक जपानच्या मित्सुनोबू सोनोबे यांच्या नावाने ओळखला जातो. 6 घटकांचा ठोकळा होतो, 12 घटकांचा लहान तारा होतो आणि 30 घटकांचा 20 टोकांचा गोळा होतो. डिंक लागत नाही, कात्री चौकोन कापण्यापुरतीच लागते, आणि जी मुले वर्गात एरवी मागच्या भिंतीला टेकून बसतात त्यांची बोटे या कामात सर्वांच्या पुढे असतात.

दिवसा हे गोळे फार देखणे दिसतात. माझ्या अडचणी सगळ्या दिवेलागणीनंतरच्या आहेत. झेरॉक्सच्या रंगीत कागदाचा गोळा दिवा लावला की काळसर पडतो. फटींतून उजेडाच्या बारीक रेघा येतात, पण कागद उजळत नाही. पातळ कागद घेतला तर तो उजळतो, मात्र आतला एलईडी एका ठिकाणी टोचल्यासारखा दिसतो आणि बाकीचा गोळा अंधारा राहतो.

तिसरी गोष्ट मला अधिक सलते. मागच्या वर्षी मी आठवडी बाजारातून घरच्या विजेवर चालणारी लायटिंगची माळ आणली होती. कंदिलाच्या तोंडाशी घासून तिच्या तारेचे आवरण निघाले आणि कंदील सरळ करायला गेलेल्या एका मुलीला झटका बसला. तिला इजा झाली नाही, परंतु तिचा पांढरा पडलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून घरची वीज कंदिलात न्यायची नाही, हे मी ठरवले आहे. त्यातून आमच्याकडे ऐन संध्याकाळी भारनियमन असते.

कागद कोणता घ्यावा, दिवा कोणता लावावा आणि तो आत कसा बसवावा, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भूमिती

ताई, मी वाशीमकडे माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. तुमचा गोळा काळसर का पडतो, याचे उत्तर मुलांकडूनच काढून घेता येईल, इतके ते सरळ आहे.

15 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाचे क्षेत्रफळ 225 चौरस सेंटिमीटर असते. सोनोबे घटक जोडल्यावर बाहेरून त्याचा फक्त मधला चौकोन दिसतो. त्या चौकोनाची बाजू मूळ कागदाच्या सुमारे 0.354 पट, म्हणजे 5.3 सेंटिमीटर भरते, आणि क्षेत्रफळ 28 चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. 225 चौरस सेंटिमीटर कागद 28 चौरस सेंटिमीटर जागेत बसला आहे, याचा अर्थ सरासरी 8 पदर एकावर एक आहेत. कागदाची बाजू कितीही घ्या, हे गुणोत्तर बदलत नाही. झेरॉक्सचा कागद चौरस मीटरला 75 ते 80 ग्रॅम वजनाचा असतो, तेव्हा तुमचा दिवा 640 ग्रॅमच्या पुठ्ठ्याआड ठेवल्यासारखा झाला. शिवाय पदर सगळीकडे सारखे नाहीत. कुठे कमी, कुठे जास्त, म्हणून पातळ कागदाच्या गोळ्यात गडद तिरके पट्टे दिसतात.

यावरून माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. कागद निवडताना सुटा कागद दिव्यासमोर धरू नका. त्या कागदाचे दोन घटक पूर्ण करा, एकाची जीभ दुसऱ्याच्या खिशात घाला आणि तो जोड मोबाइलच्या टॉर्चसमोर अंधारात धरा. जो कागद त्या वेळी उजळतो तोच कंदिलाचा कागद. मी स्वतः सुटा कागद पाहून 30 घटक घालून बसलो होतो आणि सर्व मेहनत वाया गेली होती.

आकाराचा अंदाज हवा असल्यास, 15 सेंटिमीटरच्या कागदाचा 30 घटकांचा गोळा टोकापासून टोकापर्यंत साधारण 17 सेंटिमीटर होतो. ए-फोरच्या एका कागदातून 14.8 सेंटिमीटरचे 2 चौकोन निघतात, तेव्हा एका कंदिलाला 15 कागद लागतील.

सूतकताई

मी वर्ध्याची. हातकागद हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे कागदापुरते लिहिते.

आपल्याकडे कंदिलाला पतंगी कागद वापरण्याची रीत जुनी आहे आणि ती उगाच पडलेली नाही. तो इतका पातळ असतो की त्याचे 8 पदर झाले तरी उजेड बाहेर येतो. मात्र त्याला अंगचा ताठपणा नाही. सोनोबेचा गोळा घड्यांच्या ताणावर उभा असतो, आणि पतंगी कागदाची घडी तो ताण फार काळ धरत नाही. बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर हा मधला मार्ग आहे. ट्रेसिंग पेपरची घडी कडक बसते, जोड घट्ट राहतात आणि रंग नसला तरी पदरांमुळे पांढऱ्याच्या तीन-चार छटा आपोआप तयार होतात. तुम्हाला जे गडद पट्टे दोष वाटत आहेत, तेच ट्रेसिंग पेपरमध्ये नक्षीसारखे दिसतात. घडी मात्र एकदाच आणि नेमकी घालावी लागते, कारण चुकलेली घडी उलगडली तर तिथे पांढरी रेघ कायमची उमटते आणि दिवा लावल्यावर सर्वांत आधी तीच दिसते. लहान मुलांना हा कागद देण्यापूर्वी रद्दीवर सराव करून घ्यावा.

अनेक जण मला विचारतात की हातकागद का नको. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम 1934 नंतर वर्ध्याच्या मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली सुरू झाले आणि तिथे हातकागद हा एक मुख्य उद्योग होता, त्यामुळे आम्हा वर्धेकरांचा या कागदावर जीव आहे. परंतु बाजारात मिळणारा सुती चिंध्यांचा हातकागद बहुधा जाड असतो आणि त्याच्या 8 पदरांच्या घडीला टोक येत नाही. जपानी कंदिलांचा हाती केलेला कागद कोझो नावाच्या तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा असतो. त्याचे धागे लांब असल्यामुळे तो पातळ राहूनही फाटत नाही. आपला हातकागद वापरायचा असेल तर जिथे पदर कमी आणि झरोके जास्त आहेत, अशा सांगाड्यासाठी वापरावा. तिथे तो फार शोभतो.

पऱ्हाटी

भूमिती सर, 8 पदरांचा हिशोब आज वर्गात फळ्यावर मांडला. एका मुलाने दाभणाने भोके पाडून पदर मोजायचे सुचवले: घटक घडी घातलेल्या स्थितीत मधोमध दाभण आरपार घालायचे, मग उलगडून किती भोके पडली ते मोजायचे. त्याने तीन वेगवेगळ्या जागी तसे करून दाखवले आणि तिन्ही जागी भोकांची संख्या वेगळी आली. पट्टे का दिसतात, हे मला सांगावेच लागले नाही.

सूतकताई ताई, ट्रेसिंग पेपर तालुक्याच्या गावी मिळाला. झरोक्यांचा सांगाडा म्हणजे नेमका कोणता प्रकार?

भूमिती

ताई, त्यासाठी फिझ घटक पाहा. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस हल यांनी तो तयार केला आहे. पंचकोन, षट्कोन आणि नागमोडी घडी यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. चौकोनी कागदाला आधी पंख्यासारख्या आलटून-पालटून चार पट्ट्या पाडायच्या आणि मग त्या अरुंद पट्टीला नागमोडी त्रिकोणी घड्या घालायच्या. असे 30 घटक जोडले की 12 पंचकोनी खिडक्यांचा गोळा होतो आणि 90 घटक जोडले की फुटबॉलसारखी, पंचकोन आणि षट्कोनांची जाळी होते. इथे पट्ट्या अपारदर्शक राहिल्या तरी बिघडत नाही, कारण उजेड खिडक्यांतून येतो. कामट्यांच्या सांगाड्यावर पतंगी कागद लावायचा, ही आपली कंदिलाची पद्धत आहे. इथे कामट्यांच्या जागी घड्यांच्या पट्ट्या आल्या.

रंगांविषयी थोडे विषयाला धरूनच लिहितो. तीन रंगांचे प्रत्येकी 10 घटक घेऊन प्रत्येक कोपऱ्यावर तिन्ही रंग एकेकदाच यावेत, अशी जुळणी मुलांना करायला सांगितली तर ती शेवटच्या चार-पाच घटकांवर हमखास अडतात. त्यावर उपाय आहे. गोळ्याच्या 20 कोपऱ्यांतून प्रत्येक कोपऱ्यावर एकदाच जाऊन परत निघाल्या जागी येणारी वाट आधी पेन्सिलीने कागदावर काढावी. विल्यम हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाने 1857 साली याच वाटेचा एक खेळ तयार केला होता. त्या वाटेवरच्या 20 कडांना एकाआड एक दोन रंग द्यायचे आणि उरलेल्या 10 कडांना तिसरा. जुळणी चुकूच शकत नाही. दिव्याच्या दृष्टीने यात एक लक्षात ठेवावे की गडद निळा आणि जांभळा कागद उजेडात काळाच दिसतो. पिवळा, केशरी आणि पोपटी हे रंग उजळतात.

वायरमन काका

नमस्कार ताई. मी आर्वी तालुक्यातला. 27 वर्षे वायरिंगचे काम केले, आता मुलगा करतो. तुमच्या मुलीला झटका बसल्याचे वाचून लिहायला बसलो.

घरच्या विजेवरच्या माळेबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. बल्ब इवलासा, म्हणून वीजही इवलीशी असेल, असे वाटते. अशा माळेतले दिवे एकापुढे एक जोडलेले असतात आणि 230 व्होल्ट त्या सगळ्यांत मिळून वाटले जातात. एका दिव्याच्या वाट्याला थोडेच व्होल्ट येतात, हे खरे आहे. परंतु जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस माळेच्या फेजकडच्या उघड्या तारेला शिवला, तर त्याला जवळजवळ पूर्ण 230 व्होल्टचा झटका बसतो. टिनाच्या छपराला अशी माळ बांधली आणि आवरण घासले, तर सबंध छप्पर जिवंत होऊ शकते. तुम्ही घेतलेला निर्णय योग्य आहे आणि तो बदलू नये.

कागदाच्या कंदिलात झिरोचा बल्बही नको. त्याला झिरो म्हणतात, पण जुना तारेचा झिरो बल्ब 12 ते 15 वॉट खातो आणि त्यातील बहुतेक वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ती बंद गोळ्यात कोंडली की कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि कागद काचेला टेकला तर पुढचे सांगायला नको.

तुमच्यासाठी मला दोन मार्ग दिसतात. पहिला मोबाइलच्या 5 व्होल्टच्या चार्जरचा. चार्जर घरात कोरड्या जागी राहील आणि बाहेर फक्त 5 व्होल्टची तार येईल. तांब्याच्या बारीक तारेवर मोहरीएवढे एलईडी असलेली माळ त्यावर चालते. चार्जर मात्र चांगल्या प्रतीचा घ्यावा. ज्याला हात लावल्यावर मुंग्या येतात तो चार्जर घरातही वापरू नये. एका कंदिलाला 100 दिव्यांची माळ जास्त होते, म्हणून लोक ती कापून 20-25 दिवे ठेवतात. तसे करताना काळजी घ्यावी. बहुतेक माळांत सर्व दिव्यांना मिळून एकच रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आवरणारा लहानसा भाग, असतो. दिवे कमी झाले की उरलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला जास्त प्रवाह येतो. ते काही दिवस फार तेजस्वी दिसतात आणि मग एकेक करून जातात. कापलेल्या तुकड्याला आणखी रेझिस्टर जोडला पाहिजे. त्यापेक्षा पूर्ण माळ चार कंदिलांतून ओवून घेतलेली बरी.

दुसरा मार्ग भारनियमनातही चालेल. तुमच्याकडे घरोघरी पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप असेल. त्यात बहुधा 12 व्होल्ट आणि 8 अँपिअर-तासाची बॅटरी असते. दिवाळीपर्यंत कपाशीवरची बहुतेक फवारणी आटोपलेली असते. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. असे तीन एलईडी एकापुढे एक जोडले की 9 व्होल्ट झाले. भरलेली बॅटरी 13 व्होल्टच्या आसपास धरली तर उरतात 4. मधे 220 ओहमचा रेझिस्टर घातला की प्रवाह 18 मिलीअँपिअर राहतो आणि बॅटरी उतरून 12 वर आली की तो 14 च्या खाली येतो. तीन एलईडी आणि एक रेझिस्टर ही एका कंदिलाची जोडणी झाली. असे 10 कंदील मिळून 150 ते 180 मिलीअँपिअर घेतील. बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरू द्यायची नाही असे धरले, तरी 22 ते 26 तास मिळतात. रोज 4 तास लावले तर धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत पुन्हा चार्ज करण्याची गरज पडणार नाही.

यात एक गोष्ट विसरायची नाही. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण या बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर क्षणात इतका प्रवाह वाहतो की बारीक तार लाल होते, आणि भोवती कागदच असतो. बॅटरीच्या अधिक टोकाला लागूनच 1 अँपिअरचा फ्यूज घाला. तो काही रुपयांत मिळतो.

पऱ्हाटी

काका, मनापासून आभार. आपला प्रतिसाद मी शाळेतल्या सहकाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

फवारणी पंपाबद्दल माझ्या मनात भीती आहे आणि ती स्पष्ट लिहिते. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या आठवणी गावोगावी ताज्या आहेत. पंपाला औषधाचा अंश लागलेला असतो. तो शाळेत, मुलांच्या जवळ आणावा, हे मला पटत नाही.

आणखी एक विचारायचे होते. काही मुलांनी बटणासारख्या चपट्या सेलचे तयार दिवे आणले आहेत. ते वापरावेत का?

वायरमन काका

ताई, आपली हरकत रास्त आहे. मी ते लिहायला हवे होते. पंप शाळेत आणूच नये. पंपातली जुनी बॅटरीही नको, कारण तिच्या डबीलाही औषध झिरपलेले असते. त्याच मापाची नवी बॅटरी शेतीच्या दुकानात सुटी मिळते. तिला पंपाचाच चार्जर चालतो, आणि गावातल्या कोणाकडेही तो असेल. दिवाळीनंतर ती बॅटरी शाळेतल्या दुसऱ्या प्रयोगांना उपयोगी पडेल.

बटण सेलचे दिवे शाळेत वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातला सेल 3 व्होल्टचा असतो आणि दिव्याच्या बुडाचे झाकण नखाने उघडते. घरातल्या लहान भावंडाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजते. ज्या दिव्याचे झाकण स्क्रूने बंद होते, तेवढाच घरात असावा. सेलवर चालवायचेच असेल, तर तीन पेन्सिल सेलची डबी घ्या. 4.5 व्होल्टवर प्रत्येक पांढऱ्या एलईडीला स्वतंत्र 100 ओहमचा रेझिस्टर पुरतो.

उजेड एका जागी टोचतो त्याबद्दल सांगतो. साध्या 5 मिलिमीटरच्या एलईडीचे डोके भिंगासारखे असते आणि ते सगळा उजेड समोर फेकते. बारीक पॉलिश पेपरवर ते डोके गोल-गोल घासून दुधी करावे. उजेड चहूबाजूंना पसरतो. मुलांना हे काम फार आवडते. एलईडीचे तोंड बाहेरच्या कागदाकडे न ठेवता खाली किंवा आतल्या पांढऱ्या कागदावर रोखावे, म्हणजे आपल्याला थेट दिवा न दिसता परतलेला उजेड दिसतो.

मोहफूल

मी भंडारा जिल्ह्यातली, साकोलीच्या बाजूची. आमच्याकडे सगळा धानाचा मुलूख असल्यामुळे कंदिलाची एक वेगळीच अडचण असते. ती इथे कोणी लिहिली नाही, म्हणून लिहिते.

दिवाळीच्या सुमारास धान निसवलेला किंवा कापणीला आलेला असतो आणि दिवा लागला रे लागला की हिरव्या तुडतुड्यांचे थवेच्या थवे त्यावर येतात. मी तीन वर्षांपूर्वी खिडक्यांचा गोळा करून सपरीत, म्हणजे ओसरीत, टांगला होता. दोन तासांत त्याच्या तळाशी तुडतुड्यांचा बोटभर थर साचला. आतून बटर पेपर लावलेला होता आणि त्या थराची सावली कागदावर काळ्या डागासारखी पडली. दुसऱ्या दिवशी गोळा सोडवून झटकावा लागला आणि पाच घटकांच्या जिभा फाटल्या. म्हणून धानाच्या भागात खिडक्यांचा गोळा करायचा असेल, तर प्रत्येक खिडकी कागदाने पूर्ण बंद करावी, किंवा सोनोबेसारखा बंद गोळा करावा. दुसरे म्हणजे निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळसर दिव्यावर किडे कमी येतात. आता मी पिवळसर एलईडीच वापरते, आणि सपरीपासून दूर, वावराच्या बाजूला एक पांढरा दिवा वेगळा लावून ठेवते. बरेच किडे तिकडे जातात.

तुमच्याकडे कपाशी आणि तूर आहे, तेव्हा इतका त्रास नसेल. पण दवाचा त्रास तुम्हालाही होईल. आश्विन-कार्तिकात पहाटे दव पडते आणि कागद ते पितो. कागद ओला झाला की घड्या सैल पडतात, आणि कंदील सकाळी वेटोळे सुटलेल्या चुंबळीसारखा लोंबताना दिसतो. रात्री झोपण्यापूर्वी कंदील आत घ्यावा, हा सर्वांत साधा उपाय आहे. ज्यांना बाहेरच ठेवायचा आहे, त्यांनी प्रत्येक जिभेखाली डिंकाचा एक ठिपका लावावा. काही जण कागदावर मेण चढवतात. दिव्याच्या कंदिलाला मेण मी कधीच लावणार नाही. एकदा पेटले तर ते विझवता येत नाही.

सूतकताई

मोहफूल ताईंच्या डिंकाच्या सूचनेला जोडून लिहिते. गव्हाच्या पिठाची खळ वापरत असाल तर ती झुरळे आणि कसर ओढते. जुने लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालत असत. परंतु मोरचूद विषारी आहे, म्हणून शाळेत साधा पांढरा डिंकच वापरावा.

भूमिती

टांगण्याबद्दल अद्याप कोणी लिहिले नाही. कंदिलाचे वजन विजेच्या तारेवर कधीही देऊ नये. सोनोबेच्या गोळ्यात पाच सुळके जिथे एकत्र येतात, तिथे खाच असते आणि तिच्या तळाशी नैसर्गिक फट असते. त्या फटीतून दोरा आत सोडावा आणि आत बोटभर लांबीची कामटी आडवी बांधावी. वजन पाच घटकांवर सारखे वाटले जाते. तार त्याच फटीतून आत न्यावी, मात्र तिला दोऱ्यापेक्षा थोडी ढील ठेवावी आणि आत शिरण्याआधी एक झोका खाली देऊन मग वर घ्यावी. दवाचे पाणी त्या झोक्यावरून खाली ठिबकते, आत जात नाही.

शेवटचे तीन घटक, म्हणजे एक पूर्ण सुळका, मुद्दाम डिंकाशिवाय ठेवावा. तेच कंदिलाचे दार. दिवा आधी टांगून त्याच्याभोवती गोळा बांधत आणणे सोपे पडते. पूर्ण झालेल्या गोळ्यात दिवा घुसवायला गेलो की काहीतरी फाटतेच.

पऱ्हाटी

सर्वांना नमस्कार. बरेच दिवस लिहिता आले नाही, कारण सोयाबीनच्या सवंगणीमुळे मुले शाळेत कमी होती. आता 10 कंदील पूर्ण झाले आहेत आणि काल संध्याकाळी भारनियमनाच्या वेळेतच शाळेच्या व्हरांड्यात लावून पाहिले.

त्यांतील 6 सोनोबेचे आहेत, ट्रेसिंग पेपरचे. 4 फिझचे आहेत. त्यांच्या पट्ट्या केशरी कार्डशीटच्या करून पाहिल्या, पण त्या वळेनात, म्हणून नंतर झेरॉक्सच्या कागदाच्या केल्या. आत दिव्याभोवती बटर पेपरची सैल नळकांडी आहे. ही नळकांडी अपघाताने सुचली. खिडक्यांना आतून कागद चिकटवताना गोळा दोनदा मोडला, तेव्हा एका मुलीने बटर पेपर गुंडाळून दिव्याला टोपीसारखा घातला आणि त्यावर गोळा बांधत नेला. दिवा थेट दिसेनासा झाला आणि 12 खिडक्या सारख्या उजळल्या. किडे आत जातात, पण मोहफूल ताई म्हणतात तितके आमच्याकडे नव्हते.

दिवे वायरमन काकांच्या जोडणीप्रमाणे आहेत. सोल्डरचे काम मी स्वतः गावातल्या मोटार बांधणाऱ्या दादांकडे बसून शिकले. पहिल्या तीन जोडण्यांत एलईडी उलटे लागले होते आणि काहीच पेटले नाही. लांब पाय अधिक बाजूला, हे आता मुलांना पाठ झाले आहे. फ्यूज लावला होता, आणि बरे झाले. तारा ओढताना एका ठिकाणी आवरण निघून दोन तारा टेकल्या. फ्यूज गेला आणि बाकी सर्व शाबूत राहिले. दुसरा फ्यूज घालून पुढे काम केले.

ट्रेसिंग पेपरच्या गोळ्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण सुरुवातीला मी ज्याला दोष म्हटले होते तेच आता सर्वांना आवडते आहे. लांबून गोळा दुधी पांढरा दिसतो. जवळ गेले की प्रत्येक त्रिकोणात एक फिकट आणि एक गडद भाग दिसतो, दोहोंमधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ असते, आणि जिथे जीभ खिशात गेली आहे तिथे तिचे टोक सावलीसारखे उमटते. कोणी घडी नेमकी घातली आणि कोणी घाईने, हे त्या सावलीत लपत नाही. ज्या मुलाने दाभणाने भोके पाडून पदर मोजले होते, तो गोळ्याखाली उभा राहून बराच वेळ एका-एका त्रिकोणात पदर मोजत होता.

मोहफूल

ताई, वाचून फार आनंद झाला. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस असतात आणि तेव्हाही मला हे कंदील लावायचे आहेत. तुम्ही दिवाळीनंतर ते कसे ठेवणार आहात? माझे मागचे कंदील मोठ्या खोक्यात ठेवले होते, तर उंदरांनी कुरतडले.

पऱ्हाटी

मोहफूल ताई, आम्ही ते सोडवून ठेवणार आहोत. सोनोबेला डिंक फक्त काही जिभांखाली ठिपक्यापुरता लावला असल्यामुळे घटक सुटे होतात, आणि 30 घटक सपाट करून एकावर एक ठेवले की एका कंपास पेटीएवढी जागा लागते. मी तेवढ्यासाठी बिस्किटांचे झाकणाचे पत्र्याचे डबे मागवून ठेवले आहेत. प्रत्येक डब्यात एका कंदिलाचे घटक, कामटी, दोरा आणि रंगांच्या जुळणीचा पेन्सिलीने काढलेला नकाशा राहील. एलईडीच्या जोडण्या वेगळ्या पिशवीत ठेवायच्या आहेत आणि बॅटरी महिन्या-दीड महिन्याने एकदा चार्ज करायची आहे, कारण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर ती पुढच्या दिवाळीला उठणार नाही, असे वायरमन काकांनी मला फोनवर बजावले आहे. बटर पेपरच्या नळकांड्या मात्र जपून ठेवू नका. दव बसलेला बटर पेपर एकदा लोंबला की परत ताठ होत नाही. त्या आम्ही दर वर्षी नव्याने करू.